केसलापूरचा दरबार

केसलापूर हे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या इंद्रवेल्ली मंडलातले गाव. पौष अमावास्येला तिथे मेसराम गोत्राच्या गोंडांची नागोबाची, म्हणजे नागदेवाची, जत्रा भरते. मेसराम पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, त्या पाण्याने महापूजा होते, मग घरात आलेल्या नव्या सुनांना देवापुढे नेतात. या विधीला ‘भेटिंग’ म्हणतात. त्यातली ‘भेट’ मराठी कानाला लगेच ओळखू येते. याच जत्रेत एक दिवस दरबार असतो. जिल्हाधिकारी, उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचे प्रकल्प अधिकारी आणि निरनिराळ्या खात्यांची माणसे गावात येऊन बसतात, आणि गुड्यागुड्यांतून, म्हणजे पाड्यापाड्यांतून, आलेले लोक रस्ता, पाणी, वीज, शाळा, जमीन यांसाठी अर्ज देतात.

हैदराबाद संस्थानात जंगले राखीव झाली तशी गोंडांची शेते गेली. १९४० मध्ये जोडेघाटला या जमिनींसाठी लढणारे गोंड नेते कुमराम भीम निजामाच्या पोलिसांकडून मारले गेले. या असंतोषाचे मूळ शोधण्यासाठी सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना पाठवले. ते मार्लवाई गावात राहिले, गोंडी शिकले आणि त्यांनी देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके तयार करवली. गोंड कचेरीपर्यंत पोहोचत नाहीत, तर जिथे ते एरवीही जमतात तिथे कचेरीने जावे, हा त्यांचा उपाय. त्यातून १९४० च्या दशकात दरबार सुरू झाला.

त्याची ताकद या साध्या रचनेत आहे. तारीख कचेरी ठरवत नाही, अमावास्या ठरवते. वकील लागत नाही, तालुक्याच्या खेपा वाचतात. पटला आणि सरमेढी, म्हणजे गावचे व रायसेंटरचे (अनेक गावांच्या पारंपरिक पंचायतीचे) प्रमुख, समोर असतात; अधिकाऱ्याचा शब्द साऱ्या जमावाच्या कानावर पडतो. सरकारी बैठकीत इतके साक्षीदार क्वचितच मिळतात.

पण दरबार ऐकतो, निर्णय देत नाही. जमिनीची मागणी किती महाग पडू शकते हे याच मंडलाने पाहिले: २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्या पट्ट्यांसाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा; लोक तो कधीच मान्य करत नाहीत. आजही पोडू, म्हणजे जंगल साफ करून कसलेल्या, जमिनीचा अर्ज कायद्याच्या तारखेपाशी अडतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासींचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो. त्यानंतर नांगरलेल्या शेताला दरबारात कितीही सहानुभूती मिळो, पट्टा मिळत नाही.

रस्त्याची गोष्ट वेगळी, आणि म्हणूनच जास्त बोचणारी. गुड्यापर्यंतची वाट जंगलातून जाते, त्यामुळे अर्ज वन खात्याकडे जाऊन थांबतो. पण त्याच कायद्याच्या कलम ३(२) नुसार रस्ता, शाळा, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची नळयोजना अशा १३ सुविधांसाठी प्रत्येकी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे मात्र तोडता येत नाहीत. ही जमीन मिळण्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. तेलंगणाच्या २०१८ च्या पंचायत राज कायद्याने अनेक गुड्यांना स्वतःची ग्रामपंचायत मिळाली, म्हणजे ही शिफारस करणारी सभा आता गुड्याच्या दारातच बसू शकते. दरबारातला अर्ज त्या शिफारशीची जागा घेत नाही. केसलापूरला निघणाऱ्या प्रत्येक गुड्याने आधी आपली ग्रामसभा भरवावी आणि ठरावाची सहीशिक्क्याची प्रत अर्जाला जोडून न्यावी.