हँडल मधोमध अडकतं तेव्हा

चिंचोळी एमआयडीसीत पाळी सुटली की सोलापूर-पुणे महामार्गाकडे मोटारसायकलींची रीघ लागते. या गर्दीत एखादी उंच, कच्च्या वाटेसाठी बनवलेली गाडीही असते. हीरोची २०१९ मध्ये आलेली एक्सपल्स २०० घ्या: पुढे २१ इंची चाक, पुढच्या शॉकअपची चाल १९० मिलिमीटर. आठवडाभर कारखान्याची ये-जा आणि सुटीला शेतरस्ते, अशा दुहेरी संसारातल्या गाडीची एक ठरलेली तक्रार असते: "हँडल जड झालंय." गॅरेजवाला वरचा नट जरा सैल करतो, हँडल हलकं वाटतं. चार दिवसांनी ते पुन्हा अडकायला लागतं, आणि आता पुढचा ब्रेक दाबला की 'टक्' असा आवाजही येतो.

जड हँडल म्हणजे फक्त हातांना त्रास, असा समज आहे. तो चुकीचा आहे. दुचाकी उभी राहते तीच हँडलाच्या जिवावर. गाडी उजवीकडे कलली की पुढचं चाक आपणहून किंचित उजवीकडे वळतं, चाकं कललेल्या भाराच्या खाली येतात आणि गाडी सावरते. हे सेकंदासेकंदाला, चालवणाऱ्याच्या नकळत चालू असतं. याचं श्रेय बरीच वर्षं फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणाला आणि पुढचं चाक हँडलाच्या अक्षाच्या किंचित मागे जमिनीला टेकतं याला दिलं जाई. २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकी आणि डच संशोधकांनी एक चमत्कारिक सायकल मांडली. तिच्यात हे दोन्ही परिणाम काढून टाकले होते, तरी ती स्वाराविना सावरत चालली. मात्र गाडी कलली की हँडल त्या बाजूला वळणं, हे तिलाही चुकलं नव्हतं.

आता हँडल मधोमध खाचेत बसलंय असं समजा. गाडी थोडी कलते, हँडल हलत नाही. आणखी कलते, तेव्हा खाचेतून निसटून गरजेपेक्षा जास्त वळतं. मग उलट बाजूला तोच खेळ. कमी वेगात गाडी नागमोडी जाते, आणि चालवणारा मात्र रस्त्याला नावं ठेवतो.

ही खाच येते कुठून? फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत वर आणि खाली एकेक बेअरिंग असतं. गॅरेजच्या बोलीत याला कोनसेट म्हणतात: दोन वाट्या, दोन कोन आणि मधले छर्रे. पोलादी छर्रा वाटीला टेकतो तो जवळजवळ एका बिंदूवर. अशा टेकण्याचं गणित जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८२ मध्ये मांडलं. त्यांच्या सूत्रानुसार भार आठपट झाला तर दाब दुप्पटच होतो, कारण टेकणारं क्षेत्रही पसरतं. दिलासा वाटावा असं हे गणित आहे, पण इवल्या जागेमुळे मुळातला दाबच इतका प्रचंड असतो की खड्ड्यातल्या दणक्यात पोलादही कायमचं दबू शकतं.

ओतकामाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना हे नवं नाही. चिंचोळीत कॅमशाफ्ट बनतात, आणि ओतीव मालाची 'बीएचएन', म्हणजे कठीणपणाची तपासणी, हा अशा धंद्यातला रोजचा शब्द. स्वीडनचे अभियंते योहान ब्रिनेल यांनी १९०० मध्ये आणलेली ही चाचणी: १० मिलिमीटरचा गोळा ३००० किलोच्या भाराने धातूवर दाबायचा आणि उमटलेल्या खळग्याचा व्यास मोजायचा. कोनसेट दर खड्ड्यात हीच चाचणी स्वतःवर करून घेत असतो.

पण दणके हा निम्माच दोषी, आणि माझ्या मते धाकटा. बेअरिंग बनतं फिरण्यासाठी. हँडलाचं बेअरिंग मात्र कधी पूर्ण फिरतच नाही. सरळ रस्त्यावर छर्रे त्याच जागी केसभर मागेपुढे घासत राहतात, मधलं ग्रीस बाजूला सरकतं, धातू धातूला खातो आणि लालसर भुकटी उरते. १९३७ मध्ये जॉन आल्मेन यांनी मोटारींच्या चाकांतली अशीच झीज नोंदवली. गाड्या ग्राहकाच्या हाती पडण्याआधीच त्यांची बेअरिंगं खराब झालेली असत, आणि वाहतूक जितकी लांबची तितकी झीज जास्त. म्हणजे चाकं न फिरता, नुसत्या हादऱ्यांनी! कोनसेट उघडल्यावर खळग्यात तांबूस भुकटी दिसली आणि घासाईच्या मूळ बारीक रेषा पुसलेल्या असल्या, तर ती अशी झीज. रेषा खळग्याच्या आतही शाबूत असतील, तर तो खड्ड्याचा प्रसाद.

निदानाला फारशी हत्यारं लागत नाहीत. आधी पुढच्या टायरची हवा बघावी. मग इंजिनाखाली ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करावं आणि हँडल दोन बोटांनी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यावं. जमिनीवर जड, अधांतरी हलकं असेल, तर संशय टायरवर. बरोबर मधोमध 'खट्' करून बसत असेल, तर कोनसेट गेला. एकाच बाजूला घट्ट होत असेल, तर केबल किंवा वायरिंग ताणलं जातंय का ते पाहावं. पडलेल्या गाडीत फ्रेमच्या नळीतला हँडलाचा दांडा वाकलेलाही असू शकतो. सगळीकडे सारखंच घट्ट असेल, तर नट जास्त आवळलाय किंवा ग्रीस वाळलंय. शेवटी पुढच्या चिमट्याचे, म्हणजे शॉकअपचे, दोन्ही पाय खालून धरून पुढेमागे हलवावेत. खुळखुळ जाणवली, तर ढिलाई आहे.

नट सैल करून हँडल हलकं होतं ते छर्रे खळग्यांत कमी दाबाने बसतात म्हणून. खळगे जागच्या जागी राहतात, वर प्रत्येक ब्रेकला आपटण्याची सोय होते. उपाय एकच: पूर्ण कोनसेट बदलणं. नुसते छर्रे बदलणं ही निव्वळ फसवी बचत आहे.

चाक, शॉकअप, हँडल उतरवून खालची वाटी बाहेर काढली आणि उजेडात तिरकी धरली, की खळग्यांची माळ स्पष्ट दिसते. बहुधा खालचीच वाटी जास्त गेलेली असते. भार तिच्यावर आणि चाकाने उडवलेलं पाणीही तिच्यावर. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा नेमका तिथे मारला, तर उरलंसुरलं ग्रीसही जातं.

नवी वाटी तिरकी न जाता सरळ बसली पाहिजे. पाण्याला दाद न देणारं ग्रीस सढळ भरावं. मग नट आवळून हँडल दोन्ही टोकांना अनेकदा फिरवावं, नट सैल करावा आणि पुन्हा हलक्या हाताने आवळावा. छिन्नी-हातोडीने ठोकून नट फिरवण्याची पद्धत सर्रास दिसते. त्यात नटाच्या खाचा तुटतात आणि नेमका अंदाज येत नाही. त्यासाठी सी-स्पॅनर हवा. चाक अधांतरी असताना हँडल मधून जरा ढकललं, तर ते स्वतःच्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे, आणि चिमट्यात खुळखुळ नसली पाहिजे. वरचा मोठा नट आवळल्यावर ही परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण त्याने खालच्या नटाचा ताण बदलतो.

छर्‍यांऐवजी निमुळत्या रोलरचं बेअरिंग मिळत असेल, तर कच्च्या वाटेच्या गाडीला ते जास्त मानवतं. भार बिंदूऐवजी रेषेवर पसरतो. दोन्हींपैकी काहीही बसवलं तरी पहिल्या काहीशे किलोमीटरांत ते थोडं बसतं आणि नट पुन्हा तपासावा लागतो. गाडी घेऊन येतानाच त्याची तारीख गॅरेजवाल्याकडून ठरवून घ्यावी.