शिबिर उठल्यानंतर उपस्थाता कोण?

दिवाळी आटोपली की आपल्या परिसरातील वैद्यमंडळींना आरोग्यशिबिरांचे वेध लागतात. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी येथील चिकित्सालये एका रविवारी बंद ठेवून दोन-तीन गाड्या पुणे-नाशिक महामार्गाने निघतात. मोशी मागे पडते, चाकणची मालवाहू वाहनांची रांग संपते, कारखान्यांची कुंपणे विरळ होतात. राजगुरुनगरहून पश्चिमेकडे वळून चास, वाडा या मार्गाने भीमेच्या खोऱ्यात शिरले की भोरगिरीच्या बाजूला भीमाशंकराचे डोंगर समोर उभे राहतात. औद्योगिक पट्ट्यापासून महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्यांपर्यंतचे हे सारे अंतर जेमतेम अडीच-तीन तासांचे आहे. आफ्रिकेतील खेड्यांत औषधोपचारासाठी गेलेल्या मिशनरी डॉक्टरांच्या आठवणी आपण कुतूहलाने वाचतो. त्यांनी समुद्र ओलांडला, आपण चाकणचा चौक ओलांडतो. परंतु दोन्ही प्रवासांपुढे उभा राहणारा प्रश्न एकच आहे आणि तो परतीच्या वाटेवर सुरू होतो.

गेली अनेक वर्षे अशा शिबिरांत बसल्यानंतर तेथील रुग्णांचे स्वरूप सांगण्यास नोंदवही उघडावी लागत नाही. भाताच्या लावणीत दिवसदिवस चिखलात उभे राहून झालेल्या चिखल्या व जुने त्वग्विकार, ओझी वाहून झालेला कटिशूल व जानुशूल, लहान मुलांतील कृमी, धुरकट चुलीपाशी बळावलेला कास, मिशरीने झिजलेल्या हिरड्या, आणि या सर्वांच्या तळाशी स्त्रियांमधील पांडु. तिशीतील स्त्री समोर येते. नेत्र, नख, जिव्हा पाहताच निदान होते. वैद्याला विचार करावा लागत नाही इतके ते स्पष्ट असते. पुनर्नवा मंडूर किंवा नवायस लोह, जोडीला कृमिघ्न चिकित्सा, आहाराचा उपदेश. यात चुकीचे काहीच नाही. मात्र पुडीत सात दिवसांचे औषध असते आणि व्याधीला किमान दोन-तीन महिन्यांची चिकित्सा लागते. आठव्या दिवशी काय, याचे उत्तर त्या मांडवात कोणापाशीही नसते. तिच्या घरी आशा कार्यकर्तीने दिलेल्या लोहाच्या गोळ्या आधीच पडून आहेत का, त्या ती घेते का, घेत नसल्यास का घेत नाही, हेही शिबिरातल्या वैद्याला कळत नाही. अनुपान म्हणून आपण दूध किंवा तूप सांगतो. ते त्या घरात आहे का, हे विचारायला रांग थांबू देत नाही.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण धरून सोळा गुणांची ती चिकित्सा. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी हे पाठ केले आणि परीक्षेत लिहिले. आता शिबिराला ही कसोटी लावून पाहू. वैद्य असतात, आणि चांगले अनुभवी असतात. द्रव्य असते, त्याविषयी पुढे लिहितो. रोगी तर शेकड्याने येतात. उपस्थाता मात्र नसतो. नोंदणीच्या मेजावर बसणारे महाविद्यालयीन विद्यार्थी स्वयंसेवक होत, उपस्थाता नव्हेत. कारण सायंकाळी तेही आपल्याच गाडीतून परत येतात. उपचारज्ञता, दाक्ष्य, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच हे उपस्थात्याचे चार गुण. त्यांपैकी अनुराग तर एका दिवसाच्या सहवासात अंगी येण्यासारखा नाही. रुग्णाच्या गुणांत निर्देशकारित्व सांगितले आहे आणि ‘हे लोक सांगितलेले करीत नाहीत’ ही तक्रार परतीच्या प्रवासात हमखास ऐकू येते. दुसऱ्या दिवशी निर्देशाची आठवण करून देणारे तेथे कोणी नसताना हा दोष एकट्या रुग्णाच्या माथी मारणे न्यायाचे वाटत नाही.

याच दृष्टीने अल्बर्ट श्वाइट्झर यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. धर्मशास्त्राचे अध्यापन आणि ऑर्गनवादनातील कीर्ती बाजूला ठेवून तिशीनंतर हा गृहस्थ वैद्यक शिकला आणि १९१३ साली मध्य आफ्रिकेतील गॅबोन देशात ओगोवे नदीकाठच्या लांबारेने येथे पोहोचला. पॅरिसच्या मिशन संस्थेला त्यांची धर्ममते पटत नसल्याने ‘केवळ उपचार करीन, प्रवचन करणार नाही’ असे आश्वासन त्यांना आधी द्यावे लागले होते. कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात त्यांचा पहिला दवाखाना सुरू झाला. तेथे त्यांना जोसेफ नावाचा स्थानिक साहाय्यक मिळाला. हा मूळचा आचारी. दुभाषाचे काम करताना तो शरीराच्या अवयवांची नावे खाटकाच्या दुकानातील मांसाच्या तुकड्यांवरून सांगत असे. आपल्याला हसू येते. परंतु रुग्णाची व्यथा डॉक्टरांपर्यंत पोहोचत होती ती याच माणसामुळे. पुढे पहिले महायुद्ध पेटले. जर्मन प्रजाजन म्हणून १९१७ मध्ये श्वाइट्झर यांना फ्रान्सला नेऊन स्थानबद्ध करण्यात आले. १९२४ मध्ये ते परतले तेव्हा रुग्णालयाच्या जागी जंगल माजलेले होते. त्यांनी ते पुन्हा उभारले, १९५२ सालासाठीचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले आणि १९६५ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या त्यागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र आफ्रिकी माणसाला त्यांनी भाऊ मानले ते धाकटा भाऊ म्हणून, ही टीका पुढे आफ्रिकेतील विचारवंतांनी केली आणि ती अनाठायी नव्हती. सात वर्षांच्या अनुपस्थितीत सारे रानात जमा झाले, याचे एक कारण या धाकटेपणात शोधावे लागते. थोरला गेल्यावर काम चालवावे, एवढा अधिकार धाकट्याच्या हाती कधी आलाच नव्हता.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेडला आले. प्रारंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना गावांत ठेवून पाहिले. ते साधले नाही. मग गावातीलच स्त्रिया निवडल्या. त्यांत अनेक जणी निरक्षर आणि दलित वस्तीतील होत्या. घरदार, शेतमजुरी सांभाळून त्या नियमितपणे जामखेडला शिकण्यास येत आणि शिकलेले गावात जाऊन वापरीत. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ची स्थापना केली. तेथील आरोग्यदूत स्त्रियांनी नवजात अर्भकाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण घेतले. अर्भकाच्या श्वासाची गती मोजण्यासाठी त्यांनी मण्यांचे साधे साधन वापरले आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचारही दिले. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. या दोन्ही ठिकाणी तज्ज्ञ डॉक्टर होतेच आणि ते गावाजवळ राहतही होते. तरीही यशाचे वजन त्यांनी स्वतःवर न ठेवता त्या स्त्रियांवर ठेवले. आपल्या परिभाषेत सांगायचे तर तो उपस्थात्याचा पाद होता. अ‍ॅलोपॅथीच्या चिकित्सकांनी तो मनावर घेतला, आणि ज्यांच्या ग्रंथात तो पहिल्यापासून लिहिलेला आहे त्या आपण त्यावर फारसा विचार केला नाही, ही बाब थोडी अवघड वाटते खरी.

पिंपरीकरांना बाहेरून आलेल्या मदतीचा आणखी एक जवळचा दाखला आहे. १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला. पेनिसिलीनच्या बाटल्या वाटून परत जाणे त्या संस्थांना सोपे गेले असते. त्याऐवजी यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञान येथे आले, आणि पुढे याच कारखान्याच्या संशोधन विभागात हॅमायसीन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले गेले. म्हणजे आपली उद्योगनगरी एके काळी मदत घेणाऱ्यांच्या रांगेत होती आणि तिला मिळालेली मदत मागे काही ठेवून जाणारी होती.

या विवेचनावर आपल्यातील काही ज्येष्ठ वैद्य नाराज होतील, याची जाणीव आहे. त्यांचे म्हणणे असे, की काहीच न करण्यापेक्षा शिबिर बरे. एखाद्याचा मोतीबिंदू लक्षात येतो, दीर्घकालीन कास असलेल्याला क्षयाच्या तपासणीसाठी पाठविता येते, आणि तरुण वैद्यांना शहराबाहेरचे जग दिसते. यातील शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मात्र तो लाभ आपला आहे, गावाचा नव्हे. तपासणीस पाठविलेला रुग्ण खरोखर गेला का, हे पाहण्यास पुन्हा उपस्थाताच लागतो.

आता द्रव्याविषयी. औषधनिर्माते आणि औषधविक्रेते सभासद शिबिरांना उदारपणे औषधे देतात. त्यांच्यावाचून शिबिरे झालीच नसती. परंतु काय द्यायचे हे बहुधा गोदामात काय शिल्लक आहे यावरून ठरते. एका शिबिरात एका पुरवठादाराकडून आलेली निम्मी खोकी केशवर्धक तेलाची निघाली होती. द्रव्याच्या गुणांत चरकांनी योग्यत्व सांगितले आहे, ते येथे कसे साधावे? माझी औषधालय-मालकांना विनंती आहे, की पन्नास प्रकारांऐवजी आठ-दहा कल्प द्यावेत, पण वर्षभर पुरतील इतके द्यावेत: मंडूराचा एखादा कल्प, विडंगाचा कृमिघ्न योग, कासासाठी सितोपलादी, अभ्यंगाचे तेल, चिखल्यांसाठी मलम. कज्जलीयुक्त आणि विषद्रव्ययुक्त कल्प, ज्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना कायद्याने आवश्यक आहे, ते या यादीत नकोत. ते वैद्याने स्वतः द्यावेत. बाकीची औषधे गावातच राहतील आणि वैद्याने चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे कोणाला किती दिली याची नोंद तेथील आशाताई किंवा आपण शिकविलेली दुसरी एखादी स्त्री ठेवील. आशा योजना २००५ पासून आहे. नवी माणसे शोधत फिरण्याची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विश्वासात घेऊन, त्यांच्या लोहगोळ्या आणि आपला मंडूर एकाच रुग्णाला दुहेरी जात नाहीत, एवढे ठरवून घ्यावे लागेल.

द्रव्याची दुसरी बाजू याहून अधिक विचार करायला लावणारी आहे. खेडच्या पश्चिम भागात, तसेच शेजारच्या आंबेगाव व जुन्नर तालुक्यांत हिरड्याची झाडे विपुल आहेत. उन्हाळ्यात कोवळी फळे गोळा करून, उन्हात वाळवून त्यांचा बाळहिरडा होतो. त्रिफळ्यासाठी आपण पक्व फळ घेतो, बाळहिरडा बाळगुटीत व अनुलोमनासाठी वापरतो, आणि कातडी कमावण्याच्या उद्योगालाही हिरडा लागतो. आदिवासी कुटुंबाला खरिपाच्या तोंडावर हाती येणारा रोख पैसा पुष्कळदा याच हिरड्याचा असतो. आदिवासी विकास महामंडळाची खरेदी झाली तर भाव बरा मिळतो. ती झाली नाही, की व्यापारी सांगेल तो भाव. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने यांतील पुष्कळ झाडे आडवी केली. झाड पुन्हा फळावर येण्यास किती वर्षे जातात, हे वैद्यांना सांगायला नको.

हा हिरडा वाड्याच्या किंवा घोडेगावच्या व्यापाऱ्याकडून पुण्याच्या घाऊक बाजारात जातो, तेथून आपल्या औषधालयांत येतो आणि चूर्ण होऊन, लेबल लागून, शिबिराच्या पुडीतून पुन्हा त्याच डोंगरात परततो. ज्या स्त्रीने तो वेचला तिला आपण तो ‘मोफत’ देतो. शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी औषधींना नामरूपाने ओळखतात, असे चरकांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. योगाचे ज्ञान वैद्यापाशी हेही तेथेच आहे, आणि ते खरे आहे. परंतु शिबिरात आपण त्या लोकांना केवळ रोगी म्हणून पाहतो, औषधी ओळखणारे म्हणून नव्हे. कोणते झाड कधी वेचावे, भेसळ कशी ओळखावी, कोणत्या रानातला हिरडा वजनदार, हे त्यांना विचारण्यासाठी एकही मेज मांडलेले नसते. आपल्या सभासद औषधालयांपैकी चार-पाच जणांनी जरी हंगामाच्या आरंभी भाव जाहीर करून थेट गावातून खरेदी केली, तरी महामंडळाच्या खरेदीची वाट पाहत बसण्याची पाळी त्या गावावर येणार नाही. मालाची प्रतही हातात राहील. सध्याच्या घाऊक मालातील किडका, बुरशीचा हिरडा निवडण्यात जाणारी मजुरी पाहता हा व्यवहार तोट्याचा ठरू नये.

म्हणून कार्यकारिणीपुढे ठेवण्यासाठी माझी सूचना अशी. पुढील तीन वर्षे दरवर्षी नवे गाव न निवडता भीमेच्या खोऱ्यातील एकच गाव व त्याच्या वाड्या घ्याव्यात. सहा वैद्यांनी वर्षातील दोन-दोन रविवार द्यावेत; म्हणजे प्रत्येक महिन्यात एक फेरी होते. पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, लोक दिवसा भेटणार नाहीत. त्या फेऱ्या सायंकाळी ठेवून मुक्काम करावा लागेल. बाळहिरडा पावसापूर्वी वाळवून होतो, तेव्हा थेट खरेदीचे ठरल्यास पहिली फेरी फाल्गुनातच व्हावी. प्रत्येक फेरीचा पहिला तास रुग्णांसाठी न ठेवता त्या दोन-तीन उपस्थात्यांसाठी ठेवावा: मागील महिन्यात कोणी औषध सोडले, का सोडले, कोणाला गुण आला. रुग्णांची नोंदवही सहा वैद्यांना समान राहील आणि ती वैद्याच्या गाडीत न ठेवता गावात, आशाताईंच्या घरी ठेवावी.