जिवाजीराव कोण?
(पडद्यावरचं राजकारण : भाग ९)

‘सामना’ची बर्लिनवारी या आठवड्यात सांगायची ठरली होती, ती पुढे ढकलावी लागते आहे. काशीदहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. ‘सिंहासन’मधले मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे म्हणजे आपले बॅरिस्टर अंतुलेच, असं त्यांच्या घरात सगळे मानत आले आहेत. ते खरं का?

सालं जुळत नाहीत. जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ १९७९चा. आंबेतचे अंतुले मुख्यमंत्री झाले जून १९८०मध्ये. कुलाब्याचं रायगड झालं तेही त्यांच्याच कारकिर्दीत, १९८१ साली. चित्रपट आला तेव्हा काशीद कुलाबा जिल्ह्यातच होतं.

पण काशीदकरांनी केलं ते अवघा महाराष्ट्र करत आला आहे. अरुण सरनाईकांच्या जिवाजीरावांत एक नेता शोधायचा, डॉ. लागूंच्या विश्वासराव दाभाडेंत दुसरा. १९७९मध्ये तर हे होणारच होतं. आदल्याच वर्षी जुलैमध्ये वसंतदादा पाटलांचं सरकार पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले होते, आणि इथे पडद्यावर अर्थमंत्री स्वतःच्याच मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवर टपलेला!

गंमत अशी, की अरुण साधूंच्या ज्या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, त्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’, दोन्ही या उलथापालथीच्या आधीच छापून आल्या होत्या. ‘मुंबई दिनांक’ आली तेव्हा वसंतराव नाईक सत्तेवर होते. मग शंकरराव चव्हाण, मग वसंतदादा, मग पवार. पहिली कादंबरी बाजारात आल्यापासून चित्रपट लागेपर्यंत राज्यानं चार मुख्यमंत्री पाहिले. साधूंनी एकाच माणसाचं चित्र काढलं असतं, तर ते केव्हाच शिळं झालं असतं.

साधू पत्रकार होते. आमदारांची नाराजी कशी पिकवली जाते, डिकास्टासारख्या कामगार पुढाऱ्याचा संप कोणाच्या पथ्यावर पडतो, दुष्काळ फायलींच्या कोणत्या थराखाली जातो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. ‘सिंहासन’ची खरी ताकद तिथे आहे. ‘कोण’ या एका प्रश्नापायी या चित्रपटाची चर्चा मात्र ‘कसं’पर्यंत क्वचितच पोचली, आणि हे त्याचं मोठं नुकसान आहे.

सत्ताधाऱ्यांना मात्र हा खेळ सोयीचा होता. चित्रीकरणासाठी मंत्रालयाची दारं उघडली गेली, ती पवारांच्या परवानगीनं. त्या मोकळेपणाचं कौतुक करावं तेवढं थोडं. आज असा दिग्दर्शक फाटकाशीच अडेल. पण चेहरे ओळखायचेच म्हटले, तर प्रत्येक पुढाऱ्याला त्यात दुसऱ्याचाच चेहरा दिसतो, आणि मग चिडायचं कोणी?

दिगू टिपणीस कोण, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. सगळे डाव जवळून पाहिलेला, सगळ्यांशी बोलणारा आणि अखेर भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटलेला तो वार्ताहर. ती भूमिका निळू फुल्यांची. त्यांचाच हिंदुराव धोंडे पाटील पुढच्या आठवड्यात, बर्लिनसह.