कुरणातील गवताची असमान वाढ
गुरे चरत असलेल्या कुरणात काही जागी गवत आखूड व कोवळे, तर काही जागी उंच व निबर वाढते. या स्थितीस गवताची असमान वाढ म्हणतात. ब्रिटन, न्यूझीलंड यांसारख्या समशीतोष्ण देशांतील बहुवर्षायू रायगवत व पांढरे क्लोव्हर यांच्या कुरणांत ती ठळकपणे आढळते.

कारणे : गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताचा झुबका वेढून तोडते. त्यामुळे तिला मेंढीसारखे जमिनीलगत चरता येत नाही. गाय दिवसातून साधारणतः १० ते १५ वेळा शेण टाकते. प्रत्येक पो सु. ०·०५ ते ०·१ चौ. मी. जागा व्यापतो, परंतु वासामुळे गुरे त्याच्या भोवतालचे बरेच मोठे क्षेत्र टाळतात. शेणाजवळच्या गवतावर आतड्यांतील कृमींच्या अळ्याही अधिक असल्याने हे टाळणे जनावरांच्या हिताचेच असते. मूत्र पडलेल्या जागी नायट्रोजनामुळे गवत गर्द हिरवे होते. तेथे मात्र गुरे पुन्हा लवकर चरतात.

न खाल्लेल्या गवताला तुरे येतात, तंतूंचे प्रमाण वाढते व पचनीयता घटते. म्हणून गुरे ते आणखी टाळतात. खाल्लेल्या जागी कोवळी पाती येतात व तीच पुनःपुन्हा खाल्ली जातात. अशा रीतीने एकदा सुरू झालेली असमानता आपोआप वाढत जाते.

चराईचे परिणाम : गुरे थोडी असल्यास टाळलेल्या जागा पसरतात, फार असल्यास गवताची मुळे दुबळी होऊन जमीन उघडी पडते. रायगवताच्या फुटव्यावर एका वेळी सु. तीनच पाती जिवंत राहतात; चौथे फुटताच सर्वांत जुने वाळू लागते. म्हणून फार काळ राखलेले गवतही वाया जाते. आंद्रे व्हॉयसिन या फ्रेंच अभ्यासकांनी १९५७ मधील आपल्या ग्रंथात गुरे एका तुकड्यात थोडेच दिवस ठेवून नंतर गवताला पुरेशी विश्रांती देण्यावर भर दिला.

कापणीचे परिणाम : कापणीत निवड नसते, सर्व गवत एका उंचीवर येते. तुरे येण्यापूर्वी वाढीचा कोंब जमिनीलगत सुरक्षित असतो. तुऱ्याचे दांडे वेळीच कापल्यास बुंध्याशी प्रकाश पोहोचतो व नवे फुटवे येतात. यासाठी गुरे हलविल्यावर लगेच, जमिनीपासून सु. ५ ते ८ सेंमी. वर कापणी करतात. याहून खाली किंवा अवर्षणात कापल्यास गवताचा अन्नसाठा खचतो. कापलेले गवत सुकल्यावर गुरे पुष्कळदा खातात. मात्र कापणीने शेणाचा परिणाम नाहीसा होत नाही. शिवाय दरवर्षी गवत वाहून नेल्यास जमिनीतील पोटॅश घटते. म्हणून एकाच तुकड्यावर चराई व वैरणीसाठी कापणी आलटून-पालटून करणे हितावह ठरते.

महाराष्ट्रातील कोरड्या माळरानांवर असमानतेचे कारण काहीसे वेगळे असते. कुसळी गवत कोवळेपणी खाल्ले जाते. पण पक्व झाल्यावर त्याची अणकुचीदार कुसळे तोंडाला व कातडीला टोचत असल्याने गुरे ते सोडून देतात. तेथेही कापणीची वेळच निर्णायक असते. कुसळे पक्व होण्यापूर्वी कापलेले गवत पौष्टिक वैरण ठरते. वाळल्यावर कापलेल्याने केवळ पोट भरते.