फैजपूरला नाकारले, दिल्लीत स्वीकारले

१९३६ च्या डिसेंबरअखेरीस पूर्व खानदेशातील फैजपूर या गावी काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, म्हणून शालेय इतिहासाच्या पुस्तकात त्याला एखाद्या ओळीची जागा मिळते. तेथे ठराव कोणता झाला, हे मात्र सहसा कोणाला आठवत नाही. १९३५ चा भारत सरकारचा कायदा काँग्रेसला सर्वस्वी अमान्य आहे आणि या देशाची राज्यघटना लोकांनी निवडलेल्या घटना समितीनेच तयार केली पाहिजे, असे तेथे जाहीर करण्यात आले. तो कायदा १ एप्रिल १९३७ रोजी अंमलात यावयाचा होता. त्या दिवशी देशभर हरताळ पाळण्याचेही ठरले. अध्यक्षस्थानी पंडित नेहरू होते आणि या कायद्याची संभावना ते गुलामगिरीची सनद अशी करीत असत.

पुढे बारा वर्षांच्या आतच, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, डॉ. आंबेडकरांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे ठेवला. त्यावरील मुख्य आक्षेप असा होता की, मसुद्याचा मोठा भाग त्याच १९३५ च्या कायद्यातून उचललेला आहे. डॉक्टरांनी हा आक्षेप नाकारला नाही. उसनवारीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्याचे कारण नाही, घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाची मालकी नसते, असे त्यांनी सांगितले. मात्र घेतलेली कलमे बहुतांशी प्रशासनाच्या तपशिलाची आहेत, याचा आपणांस खेद वाटतो, अशी प्रांजळ पुस्तीही त्यांनी जोडली. या पुस्तीकडे आपल्या विद्वानांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. आपल्या लोकशाहीत साम्राज्याचा जो अंश उरला, तो नेमका या तपशिलांतच उरला आहे.

न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट आधी सांगावयास हवी. ‘मतपेटी इंग्रजांनी दिली’ असे म्हणणारी मंडळी आजही भेटतात. त्यांचे म्हणणे खरे नाही. १९३५ च्या कायद्याने मताचा हक्क मिळाला तो सुमारे ३ कोटी लोकांना, आणि तोही मालमत्ता, शेतसारा, शिक्षण यांच्या अटींवर. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मतदारयादीत १७ कोटींहून अधिक नावे होती आणि त्यांतील बहुसंख्य मतदार निरक्षर होते. हे धाडस आपले होते. १९२८ च्या नेहरू अहवालाने प्रौढ मतदानाची मागणी केली होती आणि घटनेने ती कोणतीही काटछाट न करता पुरी केली. तेव्हा राज्यकर्ता निवडण्याची रीत आपण स्वातंत्र्याच्या चळवळीतून घेतली आणि राज्य चालविण्याची रीत साम्राज्याच्या कचेरीतून घेतली. या दोहोंचा संसार गेली पाऊणशे वर्षे एका घरात चालला आहे.

वटहुकुमाचे उदाहरण घ्यावे. विधिमंडळाला बाजूस ठेवून कायदा करण्याचा अधिकार १८६१ च्या कायद्याने व्हाइसरॉयला मिळाला. इंग्लंडमध्ये पार्लमेंटला डावलून असा कायदा करण्याची मुभा तेथील मंत्रिमंडळाला नाही. हे हत्यार वसाहतीसाठीच घडविलेले होते. १९३२ मध्ये लॉर्ड विलिंग्डन यांनी वटहुकुमांचा सपाटा लावून सविनय कायदेभंग चिरडला, तेव्हा आपल्या पुढाऱ्यांनी ‘वटहुकुमांचे राज्य’ म्हणून त्याचा धिक्कार केला. आणि तरीही १९३५ च्या कायद्यातून तो अधिकार राज्यघटनेत आला. केंद्रासाठी कलम १२३, राज्यांसाठी कलम २१३. अट एवढीच की, विधिमंडळ पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत वटहुकूम संपुष्टात यावा.

या अटीचे काय झाले ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील संशोधक डॉ. डी. सी. वाधवा यांनी उघडकीस आणले. बिहारमधील जमीनविषयक कायद्यांचा अभ्यास करताना त्यांच्या ध्यानी आले की, तेथे कायदे होतच नाहीत, होतात ते वटहुकूम. १९६७ ते १९८१ या काळात बिहार सरकारने २५६ वटहुकूम काढले आणि मुदत संपताच तेच पुन्हा पुन्हा काढून कोणाला एक वर्ष, तर कोणाला चौदा वर्षेपर्यंत जिवंत ठेवले. अधिवेशने भरत होती, आमदार भत्ते घेत होते. कायदे मात्र राज्यपालांच्या सहीने चालले होते. वाधवांनी १९८३ मध्ये यावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने ही प्रथा म्हणजे घटनेची फसवणूक आहे असा निर्णय दिला आणि वाधवांना खर्चापोटी दहा हजार रुपये देवविले. हा शोध विधानसभेतील विरोधी पक्षाने लावला नाही; दूरच्या एका संस्थेतील अभ्यासकाने सरकारी गॅझेटे चाळून तो लावला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

राष्ट्रपती राजवटीची कथाही याच वंशाची आहे. १९३५ च्या कायद्यातील कलम ९३ अन्वये प्रांताचा कारभार गव्हर्नरला आपल्या हाती घेता येत असे. १९३९ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर मुंबई प्रांतावर याच कलमाचा अंमल होता. घटनेतील कलम ३५६ ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती होय. हे कलम शक्यतो निर्जीव अक्षरच राहील, अशी आशा डॉ. आंबेडकरांनी व्यक्त केली होती. १९५१ मध्येच पंजाबात त्याचा प्रयोग झाला आणि त्यानंतर शंभरांहून अधिक वेळा ते वापरले गेले. १९७७ मध्ये जनता पक्षाने काँग्रेसची नऊ राज्य सरकारे एकदम बडतर्फ केली. तीन वर्षांनी काँग्रेसने उलट नऊ बडतर्फ केली आणि त्यांत महाराष्ट्रातील पुलोदचे सरकारही होते. आकडासुद्धा तोच! १९९४ च्या बोम्मई निकालाने या प्रकाराला बराच आळा बसला, हे मान्य केले पाहिजे. तथापि नोव्हेंबर २०१९ मधील एका पहाटे मुंबईकर जागे होण्यापूर्वीच राष्ट्रपती राजवट उठली होती, हेही महाराष्ट्र विसरलेला नाही.

राजद्रोहाच्या कलमाचा प्रवास तर मराठी माणसाला घरच्या दुखण्यासारखा आहे. १२४-अ हे कलम दंडसंहितेत १८७० मध्ये घालण्यात आले. त्याखाली लोकमान्यांना १८९७ मध्ये अठरा महिन्यांची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. १९२२ मध्ये गांधीजींनाही सहा वर्षांची झाली. घटना समितीत कन्हैयालाल मुन्शी यांच्या सूचनेवरून भाषणस्वातंत्र्याला मर्यादा घालणाऱ्या कलमातून ‘राजद्रोह’ हा शब्द काढून टाकण्यात आला. दंडसंहितेतील कलम मात्र जसेच्या तसे राहिले. इतकेच झाले असते तर आळस म्हणून सोडून देता आले असते. परंतु १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हा गुन्हा दखलपात्र केला. म्हणजे इंग्रजी अंमलात या कलमाखाली अटक करावयास पोलिसांना वॉरंट लागत असे, ते स्वराज्यात लागेनासे झाले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा वापर स्थगित ठेवला. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहिता लागू झाली आणि ‘राजद्रोह’ हा शब्द गेला. सरकारविषयीची ‘अप्रीती’ गेली, हे चांगलेच झाले. पण कलम १५२ मध्ये ‘विध्वंसक कारवाया’, ‘फुटीर भावना’ असे ऐसपैस शब्द आले आणि जन्मठेपेला पर्याय म्हणून असलेली कैद तीन वर्षांवरून सात वर्षांपर्यंत वाढली. नाव बदलून शिक्षा वाढविण्याला वसाहतीच्या खुणा पुसणे म्हणावयाचे असेल, तर या शब्दांचा अर्थ पुन्हा तपासावयास हवा.

येथे कोणी म्हणेल की, घटना लिहिली गेली तो काळ कसा होता? फाळणीचे रक्त वाळले नव्हते, गांधीजींचा खून झाला होता, हैदराबादचा प्रश्न पेटला होता. दुबळ्या हातांनी हा देश सावरता आला असता काय? हा युक्तिवाद खोटा नाही. वल्लभभाईंनी प्रतिबंधक स्थानबद्धतेचे विधेयक फेब्रुवारी १९५० मध्ये, म्हणजे घटना लागू होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, संसदेपुढे आणले आणि त्यापायी आपली झोप उडाली होती असे सांगितले. त्यांच्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. पुढे झोप न उडताच हे कायदे होऊ लागले, हे दुखणे आहे. १९५० चा कायदा १९६९ अखेर संपला. १९७१ मध्ये मिसा आला आणि आणीबाणीत त्याने येरवड्याचा तुरुंग भरला. मिसा रद्द झाला, तर १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. खटल्याविना बारा महिने डांबून ठेवण्याची सोय असलेला तो कायदा त्यानंतर आलेल्या एकाही पक्षाच्या सरकारला मोडावासा वाटला नाही. पोलिसांविषयीही निराळे सांगण्याजोगे नाही. १८५७ च्या धक्क्यानंतर १८६१ मध्ये केलेल्या पोलीस कायद्याचा साचा बदलावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये बजावले. सत्तेवर असलेल्यांना पोलीस आपल्या हुकमतीतले हवे असतात, त्यामुळे बहुतेक राज्यांनी तो आदेश अर्धामुर्धाच पाळला.

तेव्हा दोष नुसता इंग्रजांच्या माथी मारून भागणार नाही. त्यांना जाऊन पाऊणशे वर्षे लोटली. विरोधात असताना ज्या अधिकाराला ‘काळा कायदा’ म्हणावयाचे, तो खुर्चीत बसताच ‘आवश्यक तरतूद’ म्हणून वापरावयाचा, हा आपल्या सर्व पक्षांचा समान कार्यक्रम आहे. आणि मतदार निवडणुकीच्या सभेत उमेदवाराला रस्त्याविषयी विचारतो, या अधिकारांविषयी विचारीत नाही.

ज्या जागी सामान्य माणसाची राज्याशी रोजची गाठ पडते, त्या गावच्या आणि शहराच्या कारभारात हे विशेष जाणवते. लॉर्ड रिपन यांनी १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, परंतु कितीतरी वर्षे जिल्हा लोकलबोर्डावर कलेक्टरच अध्यक्ष असे. महाराष्ट्राने १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापून ही परंपरा मोठ्या जिद्दीने मोडली. निवडून आलेला अध्यक्ष आला, कलेक्टर बाजूला झाला. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी १९९३ पासून पाच वर्षांच्या मुदतीत निवडणूक घेणे बंधनकारक केले. असे असूनही मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ देशातील या सर्वांत श्रीमंत पालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. राज्यातील इतर महापालिका आणि बहुतेक जिल्हा परिषदांची स्थिती फारशी निराळी नव्हती. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे खरे. पण या काळात ना नगरसेवकांविना अडल्याची तक्रार मंत्रालयातून ऐकू आली, ना त्यासाठी मोठा मोर्चा निघाला.

त्या दिवसांत गटार तुंबले किंवा नळाला पाणी आले नाही, तर नागरिकाने जावयाचे ते प्रशासकाच्या कचेरीतच. अर्ज लिहिताना तो ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ असा आरंभ करी आणि सहीच्या वर ‘आपला आज्ञाधारक’ असे लिही. ‘मेहेरबान’ हा इंग्रजांच्याही आधीच्या दरबारांचा वारसा; ‘आज्ञाधारक’ मात्र साहेबाच्या इंग्रजी पत्रातून उतरलेला. अर्जाचा हा नमुना आपण शाळेतच मुलांकडून गिरवून घेतो आणि ‘आपला नागरिक’ असे कोणी लिहिले, तर बहुधा गुण कापतो.