बाळाचा फोटो आणि मोबाइलमधला पहारेकरी

अब्बा कुवेतला किंवा दोह्याला, अम्मी मुलांना घेऊन खेड-चिपळूणच्या घरी. कोकणातल्या आपल्या कितीतरी कुटुंबांचा संसार वर्षानुवर्षे असाच चालत आला आहे. पूर्वी पत्र पोहोचायला पंधरा-पंधरा दिवस लागत. मग टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमध्ये बोलून ती जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती पाठवण्याचे दिवस आले. आता बाळाच्या मांडीवर पुरळ उठले, तर फोटो दोन मिनिटांत अब्बांच्या मोबाइलवर जातो आणि तोच डॉक्टरांनाही जातो. त्यात लपवण्यासारखे पाप काही नसते, पण चारचौघांत दाखवण्यासारखेही ते नसते.

असाच एक फोटो अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बापाला फार महागात पडला. फेब्रुवारी 2021 ची गोष्ट. त्याच्या लहानग्या मुलाच्या नाजूक जागी सूज आली होती. करोनामुळे डॉक्टर व्हिडिओवरच तपासत होते आणि नर्सने आधी फोटो पाठवायला सांगितले होते. मुलाला औषध मिळाले, तो बरा झाला. पण फोनमधले फोटो आपोआप गूगलच्या साठवणीत गेले होते. तिथल्या संगणकाने ते बाललैंगिक शोषणाचे चित्र ठरवले आणि दोन दिवसांत त्याचे खाते बंद झाले. ईमेल, फोन नंबर, मुलाच्या जन्मापासूनचे फोटो, सगळे गेले. पोलिसांनी चौकशी करून त्याने कोणताही गुन्हा केला नसल्याचा निर्वाळा दिला, तरीही कंपनीने खाते परत केले नाही. ऑगस्ट 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही हकीकत छापली, तेव्हा ती जगाला कळली.

हे वाचून कुणी म्हणेल, मग कंपन्यांनी आपल्या फोटोंत डोकावूच नये. प्रश्न इतका सोपा नाही. अमेरिकेत बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणारे एक राष्ट्रीय केंद्र आहे. मुलांच्या शोषणाची चित्रे आढळल्यास अमेरिकन कंपन्यांनी त्या केंद्राला कळवावे, असा तिथला कायदा आहे. 2023 या एका वर्षात तिथे साडेतीन कोटींहून अधिक अहवाल आले. एकाच चित्राचे अनेक अहवाल होतात, काही चुकीचेही निघतात, हे मान्य. तरी त्यामागे खरी मुले आहेत. त्यांची चित्रे वर्षानुवर्षे या हातातून त्या हातात फिरत राहतात. बंद खोलीत एकदा झालेला अत्याचार मग कधी संपतच नाही.

ही तपासणी चालते कशी? जुनी, ओळख पटलेली चित्रे पकडणे त्यातल्या त्यात सोपे आहे. प्रत्येक चित्राचा आकड्यांतला एक ठसा काढतात, बोटाच्या ठशासारखा, आणि नवा फोटो आला की त्याचा ठसा जुन्यांशी ताडून पाहतात. हे तंत्र 2009 पासून वापरात आहे आणि ते क्वचितच चुकते. पण त्या बापाचा फोटो कोणत्याही यादीत नव्हता. तो नवा होता आणि संगणकाने अंदाजाने त्यावर बोट ठेवले होते. उपचारासाठी काढलेला फोटो आणि वाईट हेतूने काढलेला फोटो यांतला फरक यंत्राला कळत नाही. हेतू चित्रात दिसत नाही.

आणि हे सगळे तिथेच शक्य आहे, जिथे कंपनीला मजकूर दिसतो. व्हॉट्सॲपवर 2016 पासून दोन्ही टोकांचे कुलूप आहे. किल्ली फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये. मधल्या कंपनीलाही निरोप वाचता येत नाही. मग मुलांचे शोषण करणारा याच कुलपाआड लपला, तर त्याला पकडायचे कसे?

यावर युरोपियन महासंघाने मे 2022 मध्ये एक प्रस्ताव आणला. गरज पडेल तिथे कंपन्यांना खासगी निरोपही तपासण्याचा हुकूम देता यावा, अशी त्यात सोय होती. कुलूप तर मोडता येत नाही. म्हणून निरोप कुलूपबंद होण्याआधी, पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच तो तपासावा, असा मार्ग पुढे आला. म्हणजे पत्र पाकिटात घालायच्या आधीच कुणीतरी आपल्या खांद्यावरून वाचून घ्यायचे. ॲपलनेही 2021 मध्ये याच वाटेची एक योजना जाहीर केली होती. जगभरच्या तज्ज्ञांनी विरोध केला आणि पुढच्या वर्षी कंपनीने ती सोडून दिली. आज यादीत मुलांची चित्रे आहेत, उद्या एखादे सरकार त्यात आंदोलनाचे पोस्टर किंवा नकोशा वर्तमानपत्राचे कात्रण घालणार नाही कशावरून, हा त्यांचा सवाल होता. तो आम्हाला रास्त वाटतो. यादी कोण बनवतो, हे सामान्य माणसाला कधीच दिसत नाही. 2023 मध्ये युरोपच्या संसदेने दोन्ही टोकांचे कुलूप असलेले निरोप या तपासणीतून वगळावेत अशी भूमिका घेतली, आणि 2025 च्या अखेरीस सदस्य देशांच्या सरकारांनीही सक्तीचा हट्ट सोडला.

आपल्याकडे प्रश्न वेगळ्या दाराने आला. 2021 च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनुसार, न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यास मोठ्या निरोप-सेवांनी एखादा निरोप देशात सर्वप्रथम कुणी पाठवला ते सांगितले पाहिजे. मुलांच्या शोषणाचे गुन्हे त्यात येतात, पण देशाची सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे शब्दही येतात, आणि या शब्दांचा पैस किती मोठा होऊ शकतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. व्हॉट्सॲप याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. कुलूप मोडायला लावले तर आम्हाला भारतातून जावे लागेल, असे त्यांच्या वकिलांनी 2024 मध्ये तिथे सांगितले. त्याआधी 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता.

कायद्याची आणखी एक बाजू घराघरांत ठाऊक असायला हवी. एखाद्या मुलावरच्या अत्याचाराची चित्रफीत ग्रुपवर येते, खाली लिहिलेले असते, 'या नराधमाला पकडा, सगळीकडे पाठवा.' आपण कळवळून पुढे पाठवतो. तसे करू नका. अशी चित्रफीत पसरवणे गुन्हा आहेच. 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती जवळ ठेवणे आणि पाहणे हेही गुन्ह्यात मोडू शकते असे सांगितले आहे. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर कळवा.

आता घरातला प्रश्न. सरकारने आपले निरोप वाचू नयेत म्हणणारे आपण, मुलांचा फोन मात्र हक्काने उघडतो. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या गोष्टी चोरून शोधण्यास मनाई आहे. सूरह नूरमध्ये लहान मुलांनीही दिवसातल्या तीन वेळी परवानगी घेऊन आत यावे असे शिकवले आहे, आणि मूल वयात आले की मोठ्यांसारखी नेहमीच परवानगी घ्यावी असे सांगितले आहे. आडोशाची ही शिकवण मुलांनी पाळायची आणि आपण नाही, असे कसे? अर्थात आठ वर्षांच्या मुलाचा फोन आणि सोळा वर्षांच्या मुलीचा फोन सारखा नाही. लहानाच्या हाती फोन आपल्या डोळ्यांसमोरच असावा. मोठ्याला सांगून, त्याच्यासमोर बघावे. चोरून बसवलेले पाळत ठेवणारे ॲप आम्हाला मान्य नाही, कारण ते सापडले की मूल दुसरा फोन शोधते.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ग्रुपमध्ये कोण घालू शकेल ते ओळखीच्यांपुरते ठेवता येते. तक्रारीचे बटण दाबले की त्या माणसाचे शेवटचे पाच निरोप कंपनीकडे जातात, म्हणजे कुलूप न मोडताही तक्रार करता येते. कुणी मुलाचा नको तो फोटो इंटरनेटवर टाकण्याची धमकी देत असेल, तर 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावाच लागत नाही. फोनमध्येच त्याचा ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. मात्र कुलूपबंद निरोपांपर्यंत ही सेवा पोहोचत नाही.

आमच्या नात्यातल्या नववीतल्या एका मुलीला असाच फास पडला होता. गेममध्ये ओळख झाली, मग खासगी निरोप, मग एक फोटो, मग पैशांची मागणी. अकरा दिवस तिने कुणाला सांगितले नाही. शेवटी सांगितले तेही खालाला, आणि तोवर भीतीने सगळे निरोप पुसून टाकले होते. पोलिसांना तेच हवे होते. घरी का बोलली नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, "अम्मीने फोनच काढून घेतला असता, आणि शाळाही बंद केली असती." तिच्या अम्मीने ते ऐकले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तक्रार झाली. मुलीचे नाव छापायला कायद्याने बंदी आहे हे पोलिसांनीच समजावले, तेव्हा अब्बांचा जीव भांड्यात पडला. फोन आजही तिच्याकडेच आहे. रात्री दहाला तो बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागतो. शेजारी अम्मीचा असतो, आणि सुट्टीवर आले की अब्बांचाही.