ज्ञान, बुद्धिवंत आणि ग्रामीण समाज : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
आधुनिक समाजात ज्ञानाला भूमी व भांडवल यांच्याइतकेच महत्त्व प्राप्त झाले आहे. तथापि तज्ज्ञ आणि बुद्धिवंत यांत भेद करणे आवश्यक ठरते. तज्ज्ञ विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. बुद्धिवंत न विचारलेला प्रश्नही समाजापुढे मांडतो. एडवर्ड सैद यांनी १९९३ च्या रीथ व्याख्यानांत सत्तेपुढे सत्य मांडणे हे बुद्धिवंताचे कार्य मानले. या भूमिकेचा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्ञानाची लोकभाषा :
सतराव्या शतकातील श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठी ओवीत रचला. सूफी परंपरेशी नाते असलेल्या या संताने अध्यात्मज्ञान लोकभाषेत आणले आणि कर्मकांड व ढोंग यांवर टीकाही केली. सुबोधता आणि निर्भयता या दोन्ही गुणांचा येथे संगम दिसतो.

ज्ञान आणि सहकार :
प्रवरा खोऱ्यात विठ्ठलराव विखे पाटील यांनी ऊस उत्पादकांना संघटित केले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी त्यांच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारले. १९५०-५१ च्या हंगामात लोणी येथे गाळप सुरू झाले. गाडगीळांनी केवळ सल्ला दिला नाही; शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभ्या राहिलेल्या प्रयोगाच्या यशापयशाची जबाबदारीही घेतली. शेतकऱ्याचा अनुभव आणि अर्थशास्त्र्याचे ज्ञान यांची ही खरी भागीदारी होती.

आजचे आव्हान :
श्रीगोंदा तालुका पर्जन्यछायेत असून कुकडी व घोड कालव्यांच्या पाण्यावर येथील बागायत अवलंबून आहे. ‘आवर्तन केव्हा सुटणार?’ हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. ‘मर्यादित पाण्यात उसाचे क्षेत्र किती असावे आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचा वाटा कोणता?’ हा प्रश्न मात्र मागे राहतो. ग्रामीण भागातील अनेक शिक्षणसंस्थांना सहकारानेच बळ दिले आहे. त्यामुळे हा प्रश्न मांडणे तेथील अध्यापकाला सोपे नाही. परंतु त्याच्या बुद्धिवंतपणाची कसोटी येथेच लागते.

समारोप :
पाण्याचा ताळेबंद, पीकरचना व भूजल यांचा अभ्यास महाविद्यालयांनी करावा आणि त्याचे निष्कर्ष ग्रामसभेत सोप्या मराठीत मांडावेत. ज्या समाजाच्या श्रमातून विद्येला आश्रय मिळाला, त्याला अप्रिय सत्य सांगणे ही कृतघ्नता नसून त्या ऋणाची परतफेड होय.